असोद्याची कसोटी

मराठीत एकाच गोष्टीला दोन शब्द असले म्हणजे त्यांतला एक बहुधा शिवीसारखा वापरला जातो आणि दुसरा सरकारी कागदावर जाऊन बसतो. ‘मक्तेदारी’ आणि ‘एकाधिकार’ ही अशीच एक जोडी आहे. व्यापाऱ्याने साऱ्या मुलखाचा माल आपल्या वखारीत ओढला की ती मक्तेदारी. सरकारने तेच केले की तो एकाधिकार. पहिल्या शब्दाला जुन्या इजारदारीचा वास येतो. दुसरा नुकताच स्नान करून, शुचिर्भूत होऊन आल्यासारखा दिसतो. १९७१ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कच्च्या कापसाची खरेदी, प्रक्रिया आणि विक्री यांविषयी एक कायदा केला. त्यातून जी योजना निघाली तिचे नाव लोकांच्या तोंडी ‘कापूस एकाधिकार’ असे रुळले. पुढची सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रातल्या कापसाच्या प्रत्येक बोंडाला कायद्याने एकच गिऱ्हाईक होते.

ही योजना कशी उभी राहिली आणि कशी मोडली, याचा जमाखर्च अर्थशास्त्राच्या जाणकारांनी मांडलेला आहे. त्यांच्या चोपड्यांत हात घालण्याचा माझा विचार नाही. परंतु योजना ही केवळ आकड्यांची नसते, ती शब्दांचीही असते. हमी, प्रत, चुकारा, बोनस, सीमा अशा पाच-सहा शब्दांवर या योजनेचा सारा डोलारा उभा होता. शब्द खरे की खोटे, भरलेले की पोकळ, हे पाहणे हा तर टीकेचा जुनाच धंदा आहे. मग कवितेतल्या शब्दांना जी परीक्षा लावायची, ती लाखो घरांची चूल ज्यांवर अवलंबून होती त्या शब्दांना का लावू नये? त्यासाठी एक कसोटी मात्र हवी. आणि सुदैवाने ती आपल्याला कापसाच्याच मुलखात, जळगावच्या अगदी शेजारी असलेल्या असोदा या गावी सापडते.

असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० साली त्या तेथे महाजनांच्या घरी जन्मल्या, लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे आल्या, आणि १९५१ साली गेल्या. अक्षराशी त्यांची ओळख नव्हती. त्यांची गाणी पुत्र सोपानदेव यांनी सांभाळली, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने बाहेर आली तेव्हा सारा महाराष्ट्र चकित झाला. पुढे त्या गाण्यांचे कौतुक इतके झाले की त्यांची धार थोडी बोथटली. आपण त्यांतला गोडवा घेतला, लेवा बोलीचा साजिवंतपणा घेतला, मनाच्या चंचलपणावरची आणि संसाराच्या चटक्यांवरची सुभाषिते पोरांकडून पाठ करून घेतली. पण बहिणाबाई केवळ गोड नाहीत. त्या परीक्षकही आहेत, आणि कठोर परीक्षक आहेत, हे मात्र आपण विसरलो.

‘कशाला काय म्हणू नये’ हे त्यांचे गाणे पाहा. त्याला उपदेशाचे गाणे म्हणून बाजूला ठेवण्याची आपली रीत आहे. वस्तुतः ते नामकरणाचे, किंवा अधिक नेमके बोलायचे तर नाव काढून घेण्याचे शास्त्र आहे. कपाशीचे बोंड, विहिरीवरची मोट, दान देणारा हात, पान्हा फुटणारी आई, अशा एकेका गोष्टीला बहिणाबाई समोर उभे करतात आणि विचारतात, तुझे काम काय? ते काम तुझ्या हातून होत नसेल, तर तुझे नाव तुझ्यापाशी राहणार नाही. वस्तूचे नाव तिच्या रूपावरून किंवा तिने घेतलेल्या पदवीवरून ठरत नाही. ते तिच्या करणीवरून ठरते. आणि या यादीत कपाशीचे बोंड यावे हा योगायोग नव्हे. बाहेरून उललेले, पण आत काही नसलेले बोंड जिने वेचणीच्या वेळी हजारदा हातात घेतले असेल तिलाच पोकळ शब्दाची एवढी चीड असू शकते. हीच असोद्याची कसोटी. तीवर ‘पांढरे सोने’ घासून पाहावयाचे आहे.

त्यापूर्वी ज्या बाजारातून एकाधिकाराची मागणी जन्मली तो बाजार पाहिला पाहिजे. नाहीतर योजनेवर अन्याय होईल.

खानदेशात कापूस जुना आहे. पण त्याच्या भावाचे भूत मात्र अमेरिकेतून आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर खानदेश-वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर पडली. त्याच सुमारास आगगाडीही या भागात येऊन पोहोचली. भाव चढले, हातात रुपया खुळखुळू लागला. आणि युद्ध अमेरिकेत संपताच भाव खानदेशात कोसळले. शेतात काहीही बदलले नव्हते. तीच जमीन, तोच पाऊस, तेच बैल; बदलले होते ते सातासमुद्रांपलीकडचे काही. आपल्या मालाचे मोल आपल्या बांधावर ठरत नाही, हा धडा खानदेशी शेतकऱ्याने तेव्हा घेतला. पुढे मुंबईत न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावाच्या आकड्यांवर लोक जुगार खेळू लागले, आणि ‘मटका’ त्याच आकड्यांतून निघाला, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. ज्या भावावर एकाचे पोट चाले, त्याच्या आकड्यावर दुसऱ्याचा पैज लावण्याचा खेळ चाले!

गावच्या जवळच्या बाजारातली गत याहून निराळी नव्हती. शेतकरी गाडी घेऊन येई. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा, बैल शेतकऱ्याचे, रात्रभरचे जागरण शेतकऱ्याचे. आणि सौदा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत त्याला न दिसणारा! नंतर पट्टी हाती यायची तीत हमाली, तोलाई, कटती आणि धर्मादाय. धर्म करणारा दुसराच, आणि पैसा या गरिबाचा. यावर इलाज म्हणून १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला आणि त्याखाली धुळ्याला नियंत्रित बाजार उभा राहिला. रुमाल हळूहळू उठला, काटे तपासले जाऊ लागले. पण उघड्या बोलीतही घेणारे मोजके आणि विकणारे अगणित, ही विषमता कायमच राहिली. कर्जाचा हप्ता आणि लेकीचे लग्न डोक्यावर असलेला माणूस माल परत घरी नेऊ शकत नाही, हे घेणाऱ्याला पक्के माहीत असते.

अशा पार्श्वभूमीवर सहकाराच्या चळवळीतून एक विचार पुढे आला. मधले सारेच वगळले तर? यशवंतराव मोहिते यांना या योजनेचे जनक मानले जाते. मुख्यमंत्रिपदी तेव्हा वसंतराव नाईक होते. १९७२-७३ च्या हंगामात, म्हणजे महाराष्ट्राने पाहिलेल्या एका भयंकर दुष्काळाच्या वर्षी, योजनेने पहिले पाऊल टाकले. पुढचा एक हंगाम ती थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. आरंभी राज्य सहकारी पणन महासंघ सरकारच्या वतीने खरेदी करी. १९८४ पासून खास कापूस उत्पादकांचा निराळा पणन महासंघ उभा राहिला.

या योजनेची मूळ कल्पना मला आजही सुंदर वाटते, आणि ती तिच्या टीकाकारांनीही नीट सांगितली पाहिजे. शेतकरी विकतो तो कापूस म्हणजे सरकी आणि रुई यांची मोट असते. क्विंटलभर कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. आणि पाचेक क्विंटल कापूस पिंजला-दाबला म्हणजे एकशे सत्तर किलोची एक गाठ होते. जुन्या बाजारात शेतकऱ्याचा संबंध गाडी रिकामी होताच संपे. सरकीचे तेल कोणी काढले, गाठ कोणत्या गिरणीला गेली, तिचे काय आले, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. एकाधिकाराने म्हटले, असे नाही. गाठ विकली जाईपर्यंत माल तुझाच. आम्ही तुला आधी हमीची किंमत देऊ. मग जिनिंग करू, गाठी बांधू, विकू. आणि खर्च वजा जाता जे वर उरेल त्याचा मोठा वाटा तुला परत देऊ, थोडा वाईट वर्षांसाठी चढउतार निधीत ठेवू. तोटा आला तर तो आमचा. म्हणजे शेताच्या बांधावर तुटणारी गोष्ट गिरणीच्या दारापर्यंत सलग सांगण्याची ही प्रतिज्ञा होती. आपल्या मालाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकण्याचा हक्क शेतकऱ्याला प्रथमच कायद्याने मिळत होता.

काही वर्षे ही प्रतिज्ञा पाळलीही गेली. बोनस वाटले गेले. भाव पडला तरी केंद्राचे दार उघडे आहे, हा दिलासा ज्यांनी अनुभवला त्यांच्या दृष्टीने एकाधिकार हा शब्द पोकळ नव्हता. म्हणून जे लोक ‘ही योजना पहिल्या दिवसापासून लबाडीच होती’ असे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. बोंड आरंभी भरलेले होते. ते पोकळ कसे झाले, हा खरा प्रश्न आहे.

पहिला शब्द घेऊ, ‘प्रत’. माल एकालाच घालायचा असल्यामुळे भावाची घासाघीस संपली. पण भाव प्रतीवर, आणि प्रत ठरवणार ग्रेडर. तो मूठभर कापूस हातात घेई, धागा ताणून पाही, ओल आणि कचरा पाही, आणि एक शब्द उच्चारी. सुपर म्हटले तर एक भाव, खालची प्रत म्हटली तर दुसरा. आणि ‘कवडी’ म्हटले तर कवडीमोल! पहिल्या वेचणीचा शुभ्र कापूस आणि शेवटची फरदड यांत फरक असतोच, तो कोणी नाकारत नाही. पण पूर्वी एका व्यापाऱ्याने वाईट म्हटले तर गाडी दुसऱ्याच्या दारात नेता येई. आता दुसरे दारच नव्हते. रुमालाखालची बोटे गेली, आणि त्या जागी एका माणसाची दोन बोटे आली. न्याय करणारा आणि विकत घेणारा एकच असला की न्यायाला न्याय म्हणावे काय? कसोटीचा पहिला घाव येथे बसतो.

दुसरा शब्द ‘चुकारा’. पैसे चुकते करणे ते चुकारा. शब्दातच ऋण फिटल्याची भावना आहे. पण या योजनेत तो पुष्कळदा हप्त्याहप्त्याने आला. आला तेव्हा त्यातून सोसायटीचे कर्ज वळते झालेले असे, आणि भांडवल उभारणी निधीच्या नावाने आणखी कपात झालेली असे. केंद्रे उघडायला उशीर झाला की दिवाळी उधारीवर. घरातील पोरांचे कपडे, लेकीला माहेरी आणण्याचा खर्च, वेचणाऱ्या बायांची मजुरी, हे सारे आजच द्यावयाचे असते. आणि आपला कापूस सरकारी गोदामात पडलेला असतो. ‘माल तुझाच आहे’ हे वाक्य तत्त्वतः कितीही उदार असले तरी ज्याला वाण्याचे द्यायचे आहे त्याला ते थट्टेसारखे वाटते. चुकता न होणाऱ्या पैशाला चुकारा म्हणू नये.

तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कायद्याच्या शीर्षकात नाही: ‘सीमा’. लोक त्याला झोनबंदी म्हणत. महाराष्ट्राचा कापूस महाराष्ट्राबाहेर न्यायचा नाही, ही एकाधिकाराची अट होती; आणि अट असणे अपरिहार्यही होते, कारण बाहेर जाऊ दिला तर एकाधिकार कसला? पण खानदेशाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. जळगाव जिल्ह्यातून रावेर ओलांडले की बऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश. धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूर मागे टाकले की सेंधवा. तेथे जिनिंगच्या कारखान्यांची दाटी. नंदुरबारकडून निघाले की गुजरात. एकाच काळ्या मातीत, एकाच पावसात वाढलेल्या कपाशीचे दोन शेजारी तुकडे, आणि मधल्या एका रेषेमुळे त्यांना दोन निरनिराळे भाव!

मग जे व्हायचे ते झाले. बाहेर भाव चढला की रात्रीच्या अंधारात येथला कापूस पलीकडे जाऊ लागला. बाहेर भाव पडला की पलीकडचा कापूस येथे येऊ लागला, कारण हमी येथे होती. या दोन वाक्यांत योजनेच्या मरणाचे सारे शास्त्र आले. चांगल्या वर्षी, म्हणजे नफा व्हायचा त्या वर्षी, माल हातचा निसटे. वाईट वर्षी, म्हणजे तोटा ठरलेला असे त्या वर्षी, शेजाऱ्यांचाही माल अंगावर येई. चढउतार निधी भरावा तर चढाच्या वेळी भरायला माल नाही, आणि उताराच्या वेळी उपसायला मात्र सारे हजर. विहिरीत पाणी येण्याचे झरे आटलेले आणि मोटा वाढलेल्या, अशी ही स्थिती होती.

सरकारने सीमेवर नाके बसवले आणि चोरून माल नेणाऱ्याला गुन्हेगार म्हटले. येथे मला कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावाविशी वाटते. स्वतः पिकवलेला माल चार पैसे अधिक मिळतात म्हणून शेजारच्या गावी नेणाऱ्या माणसाला चोर म्हणावे काय? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हा प्रश्न उघडपणे विचारला. १९८६ च्या डिसेंबरात कापसाच्या भावासाठी आंदोलन चालू असता, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सुरेगाव येथे पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. त्या दिवसानंतर ‘शेतकऱ्याच्या हितासाठी’ हे शब्द पूर्वीसारखे उच्चारणे कोणालाही सोपे राहिले नाही.

कवितेवरची टीका छापून येते; योजनेवरची टीका बैलगाडीने आणि ट्रकने होते. सीमा ओलांडणारी प्रत्येक गाडी ही एकाधिकारावर लिहिलेला एक अभिप्राय होती. तो वाचून योजना सुधारता आली असती: चुकारा वेळेवर, ग्रेडरवर दाद मागण्याची सोय, आणि ज्याला बाहेर जायचे त्याला जाण्याची मुभा. परंतु आपल्याकडे टीकाकाराला उत्तर देण्याऐवजी त्याला अडवण्याची जी वृत्ती साहित्यात आहे तीच राज्यकारभारातही आहे.

शेवटचा शब्द ‘बोनस’. मुळात त्याचा अर्थ स्पष्ट होता: माल विकून नफा झाला, तर त्यातला वाटा मागाहून. नव्वदीच्या दशकात त्याच्या पाठीशी ‘अग्रिम’ हे विशेषण येऊन बसले. अग्रिम बोनस! माल विकण्यापूर्वीच, नफा होणार की तोटा हे कळण्यापूर्वीच, नफ्यातला वाटा. व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द निर्दोष आहे. अर्थाच्या दृष्टीने तो जेवणाआधीच्या ढेकरेसारखा आहे. भाव आता गिरणीच्या दारात ठरेना. तो निवडणुकीच्या सभेत ठरू लागला. २००१ च्या अखेरीस कापसाचे जगातले भाव जवळजवळ तीस वर्षांच्या नीचांकाला गेले, तेव्हा हमी आणि बाजार यांतली दरी तिजोरीला न बुजवता येण्याजोगी झाली. तोटा काही हजार कोटींच्या घरात गेला. २००२-०३ च्या हंगामात खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकारातला ‘एक’ गळून पडला. मागे राहिला तो नुसता अधिकार, आणि त्याचीही कोणाला फारशी गरज उरली नाही. २००४ च्या निवडणुकीत क्विंटलला २,७०० रुपयांचे आश्वासन दिले गेले; २००५ मध्ये तर अग्रिम बोनसच बंद झाला. ज्या घरांनी त्या आश्वासनावर पेरणी केली होती त्यांचे पुढे काय झाले, ते वऱ्हाडाने आणि देशाने नंतरच्या वर्षांत पाहिले. सणाच्या दिवशी त्याचा उच्चार नको म्हणून तो टाळावा, इतका तो विषय लहान नाही.

मक्तेदारी मोडण्याची एक प्रसिद्ध कथा अमेरिकेतली आहे. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने तेलाचा सारा धंदा गिळला होता. आयडा टारबेल या बाईने, जिच्या वडिलांचा तेलाचा धंदा याच पसाऱ्यापायी अडचणीत आला होता, त्या कंपनीचा इतिहास एका मासिकातून क्रमशः लिहिला; १९०४ साली त्याचे पुस्तक झाले; आणि १९११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या कंपनीचे चौतीस तुकडे झाले. आपली गोष्ट अनेक अर्थांनी उलटी आहे. तेथे विकणारा एक होता, येथे विकत घेणारा एक. तेथे मक्तेदारी धनिकाची होती, येथे गरिबाच्या नावाने उभारलेली. तेथे ती कायद्याने मोडली. येथे कायद्यानेच उभी राहिली आणि स्वतःच्या ओझ्याने बसली. पण या फरकांहून मला अधिक बोचतो तो एक फरक: त्यांच्याकडे ते पुस्तक आहे.

आपल्याकडे काय आहे? जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या लुटीची साखळी कडीकडीने दाखवली. बहिणाबाईंनी पेरणीपासून मळणीपर्यंतचे श्रम गाण्यात आणले. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शिकून-सवरून शेतीत अडकलेल्या तरुणाची घुसमट दाखवते, आणि ती घुसमट विसरता येत नाही. ही मोठी कमाई आहे. तरीही आपल्या ग्रामीण साहित्याची नजर बहुधा शेतात आणि घरात खिळलेली असते. पाऊस येतो, सावकार येतो, मरण येते. पण ग्रेडरचे टेबल, वजनकाटा, पावती, गोदाम, गाठ, नाक्यावरची रात्र ही त्या साहित्यात क्वचितच मध्यभागी येतात. जणू शेतकऱ्याचे दुःख निसर्गातून आणि नशिबातून येते, कागदातून येतच नाही. तीस वर्षे लाखो कुटुंबांनी एका रांगेत गाड्या उभ्या केल्या. त्या रांगेतल्या गप्पा, भांडणे, थंडीतल्या शेकोट्या, पावतीचे कागद जपणाऱ्या बाया, यांतून एखादी थोर कादंबरी उभी राहायला हवी होती. शेतीच्या साहित्याला बाजाराचे वावडे असेल तर ते अर्धेच साहित्य आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आता कोणी म्हणेल, मेलेल्या योजनेची ही चिकित्सा कशाला? त्याला उत्तर आहे. २००२ साली एकाधिकाराचे दार मोकळे झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बी.टी. कापसाच्या बियाण्याला देशात परवानगी मिळाली. कापूस घेणाऱ्याची मक्तेदारी मोडत असतानाच बी देणाऱ्याची मक्तेदारी उभी राहत होती. बियाण्याच्या पाकिटात बियाणे कमी आणि तंत्रज्ञानाचे शुल्क अधिक, अशी तक्रार इतकी वाढली की २००६ मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारीविरुद्धच्या आयोगाकडे दाद मागितली आणि पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणवली. इकडे विकताना शेतकरी पुन्हा खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यासमोर उभा राहिला. म्हणजे मक्तेदारी नष्ट होत नाही. ती शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. पूर्वी ती कापणीला भेटे, आता पेरणीला भेटू लागली. नवी आली की ती नवे, सुंदर नाव धारण करून येते, आणि आपण पुन्हा त्या नावाला भुलतो.

माझा निष्कर्ष थोडक्यात असा. सरकारची मक्तेदारी चांगली आणि व्यापाऱ्याची वाईट, हा भोळेपणा. आणि बाजार मोकळा केला की सारे ठीक, हाही भोळेपणाच. कापूस एकाधिकाराचा दोष तो सरकारी होता हा नव्हे. दोष हा की ज्याच्या नावाने तो उभा होता त्याला त्याचे नाव काढून घेण्याची सोय नव्हती. ‘तू माझा राहिला नाहीस’ असे म्हणून गाडी वळवण्याचा हक्क शेतकऱ्यापाशी असता, तर योजनेला आपली पोकळी लवकर कळली असती आणि कदाचित ती वाचलीही असती. ज्या संस्थेला ‘नाही’ ऐकावेच लागत नाही, ती हळूहळू आपला ‘होय’ही गमावते. हे व्यापारी कंपनीला लागू आहे, सहकारी महासंघाला लागू आहे, आणि साहित्य संस्थांनाही लागू आहे.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण नाव देणे सोपे असते; बहिणाबाईंनी शिकवले ते नाव काढून घेणे. हमी, हित, सहकार, विकास हे शब्द रोज आपल्या दारी येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पोरांना बहिणाबाईंची गाणी जरूर शिकवावीत. पण ती केवळ पाठ करून घेऊ नयेत. असा एखादा शब्द दारात आला म्हणजे तो हातात घेऊन, बोंडासारखा दाबून, आत काही आहे की नाही ते पाहायची सवय त्यांना लावावी.